टॉवेल वाळायला किती हवा लागते?

पुण्याच्या बाथरूममध्ये रेडिएटर कधीच नव्हता. लंडनला मुलांकडे राहून आलेल्या आईवडिलांनी तो पाहिलेला असतो. भिंतीला लागून असलेली पत्र्याची जाड चौकट, तिच्या आतून बॉयलरचं गरम पाणी फिरत राहतं आणि खोली उबदार होते. त्यावर टॉवेल पसरला की टॉवेल वाळतो, पण ऊब अडते. म्हणून तिकडे बाथरूमचं काम काढलं की अनेकजण रेडिएटर उतरवून त्याच जागी आडव्या दांड्यांची शिडीसारखी टॉवेल रेल लावून घेतात. हीच रेल आता विजेवर चालणाऱ्या रूपात पुण्यातल्या सॅनिटरी वेअरच्या दुकानांतही दिसते. फ्लॅटचं नूतनीकरण करणारी घरं तिची चौकशी करतात.

घ्यावी का? पुण्याच्या पावसाळ्यासाठी ती खरोखर कामाची वस्तू आहे. मात्र तिच्याआधी बाथरूममधली दमट हवा बाहेर जायची वाट नीट करावी लागते. ती नसेल, तर या गरम दांडीवरचा खर्च जवळजवळ वाया जातो.

थंडीचं कारण पुण्यात फारसं टिकत नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेत, म्हणजे पुणेकरांच्या सिमला ऑफिसात, 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण एरवी जानेवारीतल्या पहाटे तो साधारण 11 अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी स्वच्छ ऊन पडतं. हवा कोरडी असते. सकाळी ड्राय बाल्कनीत टाकलेला टॉवेल जेवणाच्या वेळेपर्यंत कडकडीत वाळतो. खरी अडचण जुलै-ऑगस्टमध्ये येते. दिवसेंदिवस भुरभुर चालू असते, ऊन दिसत नाही, आणि काल संध्याकाळचा टॉवेल आज सकाळी हातात घेतला की त्याला कुबट वास येतो. हा वास मुख्यतः ओलसर कापडात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. कापड लवकर वाळलं तर त्यांना वाढायला वेळच मिळत नाही.

ही अडचण जुन्या घरांत इतकी का नव्हती, हे समजून घ्यायला हवं. वाड्यातल्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा. कसब्यातल्या तांबट आळीत घडलेला, ठोक्यांच्या मठारकामाने चमकणारा. त्याच्या मधोमध उभी नळी, नळीत लाकडाच्या ढलप्या, कोळसा, नारळाच्या शेंड्या, नाहीतर गोवरीचा तुकडा. खाली राख पडायला जाळी, आणि नळीच्या सभोवती पाणी. पाणी तापायचंच, पण नळीच्या तोंडातून आणि तांब्याच्या पोटातून भरपूर उष्णता न्हाणीघरात सांडायची. इंधनाच्या हिशोबाने ती नासाडी होती, पण भिंती आणि वलणीवरचे कपडे तिच्यावर कोरडे राहत. लहान मूल असलेल्या घरात शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट-दुपटी पसरत. खालून निखाऱ्याची ऊब, वरून धुरासकट निघून जाणारी ओल. पुणेकरांची गरम दांडी हीच होती, आणि हवेची वाट तिच्यात आपोआप आली होती, कारण धूर बाहेर काढल्याशिवाय घरात बसताच येत नसे.

कापडही वेगळं होतं. अंग पुसायला पंचा असायचा, पातळ विणीचा, पिळून झटकला की अर्धा वाळलेला. नंतर घरोघर सोलापूरचा टर्किश टॉवेल आला. त्याच्या पृष्ठभागावरच्या सुतांच्या फाशांमुळेच तो पाणी इतकं झटपट टिपतो, आणि त्याच फाशांमुळे ते सोडायला वेळ लावतो. मग वाडे गेले, चौक गेला, बाथरूमची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडू लागली. बंबाच्या जागी गीझर बसला. चांगल्या गीझरची टाकी तर फोमच्या आवरणात बंद असते, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये हाच तिचा गुण. सौर बंब गच्चीवर गेला. पाणी गरम मिळतं, बाथरूम मात्र थंड आणि ओलं राहतं.

आता थोडा हिशोब. अंघोळीनंतर मोठ्या टॉवेलात साधारण 100 ते 150 ग्रॅम पाणी उरतं. चौघांच्या घरात ते अर्ध्या लिटरच्या आसपास जातं. 5 फूट बाय 7 फूट बाथरूम, उंची 8 फूट धरली, तर आत सुमारे 8 घनमीटर हवा मावते. 25 अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ धरते, म्हणजे सगळ्या बाथरूमची क्षमता सुमारे 184 ग्रॅम. पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्के असली तर त्यातले 147 ग्रॅम आधीच भरलेले असतात. शिल्लक जागा 37 ग्रॅमची. टॉवेलांत पाणी आहे अर्धा लिटर. दार-खिडकी बंद करून दांडी रात्रभर चालू ठेवली, तर टॉवेलातलं पाणी आरशावर, छतावर आणि टाइलच्या सांध्यांत जाऊन बसेल आणि तिथे काळी बुरशी धरेल.

एक्झॉस्ट फॅन लावला की चित्र बदलतं. 6 इंची फॅन एवढ्या बाथरूममधली हवा काही मिनिटांत पालटतो, फक्त बाहेरून हवा आत यायला दाराखाली बोटभर फट हवी. ही फट काही घरांत रबरी पट्टी लावून बंद केलेली असते! आत येणारी हवा दमटच असते हे खरं, पण दांडीमुळे तीच हवा 25 वरून 30 अंशांवर गेली तर तिची सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांवरून सुमारे 60 वर येते आणि ती आणखी पाणी उचलू शकते. दांडी आणि फॅन एकमेकांच्या आधाराने काम करतात. दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर आधी फॅन घ्यावा आणि टॉवेल बेडरूममधल्या पंख्याखाली स्टँडवर पसरावा.

विजेचा खर्च मात्र घाबरण्यासारखा नाही. 150 ग्रॅम पाण्याची वाफ करायला जेमतेम 0.1 युनिट लागतं. प्रत्यक्षात दांडीची बरीच उष्णता हवेत जाते, म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. 80 वॅटची दांडी तीन तास चालली तर पाव युनिटही होत नाही. 15 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला गीझर अर्धं युनिट घेतो. टॉवेल चौघडी न घालता एकेरी पसरावा, नाहीतर आतल्या घड्या कोमट आणि ओल्याच राहतात, आणि जिवाणूंना तेच मानवतं. चकचकीत क्रोमपेक्षा रंग दिलेली दांडी जास्त ऊब फेकते, कारण चकाकणारा धातू उष्णतेचं उत्सर्जन कमी करतो.

सौर बंबाच्या पाइपलाइनला दांडी जोडता येईल का, असंही लोक विचारतात. नळ सोडल्याशिवाय त्या पाइपात पाणी हलत नाही, त्यामुळे ते फिरवायला वेगळा पंप लागेल. आणि ज्या आठवड्यांत टॉवेल वाळत नाहीत, नेमक्या त्याच आठवड्यांत गच्चीवर ऊनही नसतं. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे क्षार बारीक नळ्यांत साठतील ते वेगळंच. पुण्यासाठी विजेचीच दांडी बरी.

ज्या घरात गॅस गीझर आहे तिथे हवेचा प्रश्न टॉवेलापुरता राहत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच असला पाहिजे. ऊब टिकावी म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांना कागद चिकटवणं तर कुणीच करू नये.

दांडी बसवताना जागा शॉवरपासून लांबची, कोरड्या बाजूची निवडावी. शॉवरच्या ओल्या भागापलीकडे किमान 60 सेंटीमीटर अंतर सोडण्याचा संकेत अनेक देशांत पाळला जातो. पाण्याचे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स4 किंवा त्याहून वरच्या दर्जाची वस्तू घ्यावी. स्विच बाथरूमच्या बाहेर, अर्थिंग तपासलेलं, आणि सर्किटवर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या हाताने धातूची दांडी धरायची असल्यामुळे इथे काटकसर नको. नव्या इमारतींत भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, त्यांत साधा रावळप्लग पकड धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचेच फास्टनर मागून घ्यावेत.

बाथरूमच्या टाइल्स यंदा बदलणार असाल आणि दांडीबद्दल मन अजून ठरलं नसेल, तरी वायरमनला टाइल लागण्याआधीच कोरड्या भिंतीतून एक कंड्युट आणि बाहेर 6 अँपिअरचा पॉइंट काढून ठेवायला सांगा. आत्ता तो खर्च किरकोळ आहे. पुढे टाइल फोडून झिरी मारायची झाली, तर वॉटरप्रूफिंगला धक्का लागतो आणि खालच्या मजल्यावर ओल उतरते.