स्मेताना आणि चेक भाषेचा आघात

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीतास ‘रोमँटिक’ हे विशेषण लावताना आपल्या मनासमोर बहुधा व्यक्तीची भावनोत्कटता असते. परंतु मध्य युरोपात या संगीताची एक बाजू सर्वस्वी भाषिक होती. तिचा उलगडा भाषेच्या अभ्यासकास अधिक सुलभतेने व्हावा.

१६२० मधील बिला होरा येथील पराभवानंतर बोहेमियात जर्मनचे वर्चस्व वाढत गेले. शासन, उच्च शिक्षण आणि नागर शिष्टव्यवहार या क्षेत्रांतून चेक भाषा मागे हटली. दोब्रोव्स्कीने १८०९ साली चेकचे विस्तृत व्याकरण प्रसिद्ध केले तेही जर्मनमध्ये, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. युंगमानचा पंचखंडात्मक कोश १८३९ मध्ये पुरा झाला. बेद्रझिख स्मेताना (१८२४–१८८४) याच काळात, जर्मन माध्यमातून शिकून वाढला. १८६० नंतर ऑस्ट्रियाच्या राजवटीचे बंध सैल झाले, १८६२ मध्ये प्रागला चेक रंगभूमीसाठी हंगामी नाट्यगृह उघडले, आणि राष्ट्रीय ऑपेरा निर्माण करू पाहणारा हा संगीतकार पस्तिशी उलटल्यावर चेक लेखनाचा अभ्यास करू लागला.

आता मुख्य अडचण पाहू. चेकमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. स्वराचे दीर्घत्व मात्र त्याहून स्वतंत्र असते. ‘कबात’ (कोट) या शब्दात आघात ऱ्हस्व ‘क’वर, तर दीर्घत्व दुसऱ्या अक्षरात. लघुगुरूंवर पोसलेल्या आपल्या कानाला हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. एकाक्षरी शब्दयोगी अव्यय नामापूर्वी आले तर आघात तेच घेते. उलट जर्मनमध्ये नामाआधी अनाघात उपपद येते. साहजिकच ओळ समेच्या आधी उचलली जाते. चेकमध्ये उपपदच नाही. म्हणून जर्मन वृत्तात चेक शब्द बसवले की सम भलत्याच अक्षरावर येते.

‘दालिबोर’ (१८६८) मध्ये नेमके हेच घडले. त्याची संहिता वेन्त्सिगने जर्मनमध्ये लिहिली आणि श्पिंडलरने ती मूळ वृत्त सांभाळून चेकमध्ये आणली. टीकाकारांनी गदारोळ केला तो वॅग्नरच्या अनुकरणाबद्दल! आमच्या मते जर्मनची खरी छाया वाद्यमेळापेक्षा या पद्यरचनेत शोधावी.

१८७१ मध्ये एलिश्का क्रास्नोहोर्स्का या कवयित्रीने चेक गायनातील शब्दोच्चारावर लेख लिहून आघातानुसारी स्वररचनेचा आग्रह धरला. तिच्याच संहितेवर स्मेतानाने ‘हुबिच्का’ (चुंबन) रचले. १८७६ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. स्मेतानाची श्रवणशक्ती १८७४ मध्येच पूर्णपणे गेली होती. ज्या आघातासाठी एवढा खटाटोप झाला, तो त्या रात्री प्रेक्षकांनी ऐकला, त्याने नाही.