पिचरच्या बोटांना काय चालते?

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये महिला पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. चेंडूचा परीघ १२ इंच. घामाने बोटे ओली झाली की तो निसटतो आणि थेट फलंदाजाच्या अंगावर जाऊ शकतो. म्हणून अमेरिकेतील ‘यूएसए सॉफ्टबॉल’च्या नियमांत हात कोरडे करण्यासाठी राळेची पूड चालते, पण पंचांच्या देखरेखीखाली. चेंडूला मात्र कोणताही बाहेरचा पदार्थ लावता येत नाही. बोट चाटले, तर चेंडूला हात लावण्यापूर्वी पुसायलाच हवे. बोटांवर चिकटपट्टीही चालत नाही. नियम मोडल्यास ‘इल्लीगल पिच’ ठरून फलंदाजाला एक ‘बॉल’ मिळतो. पकड सुरक्षित असावी आणि चेंडूची फिरकी हाताच्या कौशल्यातूनच यावी, हा समतोल खेळाला न्याय देणारा आहे.