रोज पंचेचाळीस माणसं, रोज पंधरा घरं

१९९० साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ४,६५,६२२ माणसं राहत होती. २०२०च्या जनगणनेत ती ९,६१,८५५ झाली. वाढलेल्या या जवळपास पाच लाखांना तीस वर्षांच्या दिवसांनी भागलं, तर शहरात दररोज ४५ माणसांची भर पडत गेली. सणवार नाही, सुट्टी नाही. एका घरात अडीच माणसं धरली, तरी रोज १८ नवी घरं लागतात.

महापालिकेने २०१७ मध्ये आराखडा केला: दहा वर्षांत १,३५,००० घरं. त्यांतली ६०,००० अशा कुटुंबांसाठी, ज्यांची कमाई शहरातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे परवडणारी घरंच रोज सोळा. ती बांधायला पैसा कुठून येणार?

अमेरिकेत असा पैसा उभा करण्याचा सर्वांत मोठा मार्ग १९८६च्या करसुधारणा कायद्यातून आला. सरकार बिल्डरला रोख रक्कम देत नाही, टॅक्स क्रेडिट देतं. ज्याच्याकडे क्रेडिट, त्याच्या भरायच्या करातून तेवढे डॉलर थेट वजा होतात, तेही सलग दहा वर्षं. बिल्डरला आज सिमेंट घ्यायचं असतं, दहा वर्षांची वाट पाहणं त्याला जमणारं नसतं. म्हणून तो ही क्रेडिट गुंतवणूकदारांना, बहुतेकदा बँकांना, विकतो आणि आलेल्या पैशातून इमारत उभी करतो. या वाटेने आजवर देशभरात ३५ लाखांहून अधिक घरं झाली. पुण्यासारख्या शहरातली जवळजवळ सगळी माणसं एकेका घरात एकेकटी राहायला गेली, तरच एवढी घरं भरतील.

आता याच आकड्याची दुसरी बाजू. या क्रेडिटचे दोन प्रकार आहेत. त्यांतलं जास्त मदत देणारं, ज्याला तिथे 'नऊ टक्क्यांचं' म्हणतात, ते प्रत्येक राज्याला माणशी मोजून मिळतं. २०२५ मध्ये हा दर माणशी तीन डॉलर होता. टेक्सासची लोकसंख्या ३.१ कोटी, म्हणजे ९.३ कोटी डॉलर. दहा वर्षांचे ९३ कोटी. एका डॉलरच्या क्रेडिटला ८५ सेंट मिळाले, असं धरू. हातात राहतात ७९ कोटी. घराचा खर्च दोन लाख डॉलर आणि त्यातला १.४ लाखांचा भार क्रेडिटवर, असं मानलं, तर वर्षाला साडेपाच हजार घरं होतात. रोज पंधरा. सबंध टेक्सासला! एकट्या ऑस्टिनची गरज रोज सोळाची. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे 'चार टक्क्यांच्या', क्रेडिटने आणखी बरीच घरं होतात, पण ती करमुक्त रोख्यांना बांधलेली असतात आणि त्या रोख्यांनाही राज्यागणिक मर्यादा आहे. ऑस्टिनकरांनी २०१८ मध्ये २५ कोटी आणि २०२२ मध्ये ३५ कोटी डॉलरच्या गृहनिर्माण रोख्यांना मतदान केलं, ते याच तुटीपोटी. स्वतःच्या मालमत्ता कराचा बोजा वाढवून परक्याच्या छपरासाठी मत देणाऱ्या या शहराचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो भाड्याचा हिशेब. टॅक्स क्रेडिटच्या या योजनेत भाडं भाडेकरूच्या खऱ्या पगारावर ठरत नाही, भागातल्या मध्यम उत्पन्नावर ठरतं. शहर श्रीमंत झालं की 'परवडणारं' भाडंही चढतं. ऑस्टिनमध्ये २०२४ साली मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्या गटासाठीच्या दोन बेडरूमच्या घराला महिना सुमारे १,७०० डॉलरपर्यंत भाडं घेता येत होतं. टेक्सासमध्ये किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे आणि २००९ पासून ते हललेलं नाही. वर्षभर पूर्णवेळ राबून हाती येतात १५,०८० डॉलर. उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं हा तिथला दंडक लावला, तर या माणसाला महिना ३७७ डॉलर झेपतात.

शिवाय या घरांना मुदत असते. संघराज्याच्या कायद्यानुसार किमान ३० वर्षं भाडं आवाक्यात ठेवायचं, नंतर अट सुटू शकते. १९९०च्या सुमाराची घरं आता त्या टोकाला पोचली आहेत. इतक्या कष्टाने उभं केलेलं घर तीस वर्षांनी बाजाराच्या हवाली करणं चूक आहे. कॅलिफोर्नियाने आपल्या राज्यात ही मुदत ५५ वर्षं केली आहे. निदान तेवढी तरी ती देशभर व्हायला हवी.