मुलगी म्हणते, ‘मी जनावरांची डॉक्टर होणार!’

बारावीचे आणि ‘नीट’चे निकाल लागले, की घरोघरी एकच विषय. एम.बी.बी.एस.ला नंबर लागणार का? नाही लागला तर बी.डी.एस., नाहीतर बी.ए.एम.एस. अशी एक उतरंडच आपण मनाशी रचून ठेवलेली असते. आणि अशा वेळी एखादी लेक शांतपणे म्हणते, ‘‘आई, मी व्हेटर्नरीला जाते.’’ झालं! आजी कपाळाला हात लावतात, ‘‘म्हणजे ढोरांची डॉक्टर? शेणात हात घालणार का गं तू?’’ वडील वर्तमानपत्र खाली ठेवतात. मग सगळे तुमच्या तोंडाकडे पाहू लागतात, कारण नाही म्हटलं तरी अशा बाबतीत शेवटचा शब्द आईचाच असतो.

तर मैत्रिणींनो, तो शब्द तोंडातून काढण्यापूर्वी हे शिक्षण आहे तरी काय, ते जरा पाहून घेऊ या.

माणसांच्या डॉक्टरला एकच शरीर शिकावं लागतं. इथे गाय मुख्य धरायची आणि तिच्याशी ताडून घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी, सगळ्यांची हाडं न् हाडं पाठ करायची. वर पुन्हा रोगी मुका! ‘कुठे दुखतं?’ असं विचारायची सोय नाही. तान्ह्या बाळाची आई रडण्यावरून ओळखते ना, हे भुकेचं की पोटदुखीचं, तशीच ही विद्या. फक्त ती प्रयोगशाळेच्या आधाराने, पायरीपायरीने शिकवतात. गाईने रवंथ थांबवलं का, नाकाचा शेंडा एरवी ओलसर असतो तो कोरडा पडला का, कान गार लागतात का, शेण कसं आहे, हे आधी बघायचं. मग डाव्या कुशीत मूठ रोवून उभं राहायचं आणि पोटाची हालचाल मोजायची. निरोगी गाईचं पोट मिनिटाला एक-दोनदा तरी त्या मुठीला ढकलतं.

या पोटाबद्दल थोडं जास्तच सांगते, कारण त्यात तुमचा-आमचाही हात आहे. गाईच्या पोटाला चार कप्पे. पहिलं कोटीपोट, एखाद्या मोठ्या पिंपासारखं. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात आणि चारा आंबवून तिला पचवून देतात. आपण ओट्यावरचं खरकटं, भाजीची देठं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कोपऱ्यावर टाकतो. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. अन्न पचतं, पिशवी राहते. अशा पिशव्यांचा पीळ बसून पोटात गोळाच होतो आणि मग कूस चिरून तो हातांनी उपसावा लागतो. खिळा किंवा तारेचा तुकडा गेला तर आणखीच कठीण. तो दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात अडकतो आणि त्या कप्प्यालगतच पडद्यापलीकडे हृदय असतं! तार पुढे सरकत थेट तिथे पोचू शकते.

आणि पोळ्याची पुरणपोळी? बैलाला घासभर द्या, जरूर द्या. पण गल्लीतल्या प्रत्येक घराने दोन-दोन पोळ्या आणि वर भाताचा गोळा भरवला, की कोटीपोटात एकदम आम्ल वाढतं आणि सणाच्या रात्री बैल आडवा होतो. पोळ्याच्या आसपास पशुवैद्य हे सांगून सांगून थकतात. गोग्रासालाही हाच नियम, बरं का.

आता रोगांकडे वळू. ‘बुळकांडी’ हा शब्द तुमच्या आजेसासूबाईंना विचारा. गुरांना ताप, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत गोठाच्या गोठा रिकामा. बैल गेले की पेरणी गेली, म्हणजे माणसाच्या घरातही उपास. या रोगाने युरोपातही असाच धुमाकूळ घातला होता. म्हणून तर 1761 मध्ये फ्रान्समधल्या लियाँ गावी क्लोद बुर्जला यांनी जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा काढली. आपल्याकडे गुरांच्या रोगांचं संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा 1889 मध्ये निघाली, आणि कुठे म्हणाल, तर आपल्या पुण्यात! पण असले जंतू गजबजलेल्या शहरात नकोत म्हणून 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, तिचं मूळ हेच. तिथे बुळकांडीवर पिढ्यान् पिढ्या काम झालं, लशी निघाल्या, आणि त्या बैलगाडीने, सायकलने गावोगाव पोचवल्या गेल्या. भारतात बुळकांडीची शेवटची लागण 1995 मध्ये झाली आणि 2011 मध्ये हा रोग जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला हा दुसरा रोग. देवीची बातमी घरोघरी पोचली, बुळकांडीची मात्र फारशी कुणाला कळलीसुद्धा नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. त्यातून गंमत अशी, की आपल्या मुलांना होणारा गोवर हा या बुळकांडीचाच जवळचा भाऊबंद. दोघांचे विषाणू एकाच कुळातले.

अलीकडची आठवण म्हणजे 2022 मधला लम्पी. गाईंच्या अंगभर गाठी आल्या, बाजार बंद झाले. तेव्हा लम्पीच्या विषाणूचं शेळ्यांच्या देवीशी नातं आहे हे माहीत होतं, म्हणून शेळ्यांची ती लस गाईंना टोचली गेली. कुठला विषाणू कुणाच्या नात्यातला, ही वंशावळ पाठ असलेली माणसं हाताशी होती म्हणून हे जमलं. ती माणसं याच शिक्षणातून तयार होतात.

‘‘पण आमच्या घरात तर गाय नाही,’’ असं म्हणाल. दूध येतं ना? कधी दुधाला विरजण लावून सकाळी पाहावं तर ते पाण्यासारखं तसंच! थंडी असेल, विरजण जुनं असेल. पण आणखीही एक कारण संभवतं. गाईला कासदाह झाला, म्हणजे सड सुजले, की प्रतिजैविकं देतात. त्यानंतर औषधावर लिहिलेल्या दिवसांपर्यंत ते दूध विकायचं नसतं. कुणी लोभापायी विकलं तर त्यातलं औषध दह्याच्या जंतूंनाही लागू पडतं आणि दही लागत नाही. दह्याचं एक वेळ सोडा, पण असं औषध पोटात जात राहिलं तर जंतू त्याला सरावतात आणि खऱ्या दुखण्यात ते औषध चालेनासं होतं. दुसरं म्हणजे कच्चं दूध. ‘धारोष्ण दूध ताकदीचं’ असं ऐकतच आपण वाढलो. पण गाईचा क्षय आणि सांसर्गिक गर्भपाताचे, म्हणजे ब्रुसेलाचे जंतू त्याच दुधातून येतात. ब्रुसेलाचा ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. सांधे धरतात आणि निदान महिनोन् महिने लागत नाही. दूध चांगलं उकळलं की दोन्ही जंतू मरतात. म्हणून गोठ्यातून आलेलं दूध कितीही ताजं असो, उकळल्याशिवाय नाही म्हणजे नाही!

आता आईने विचारायलाच हवा असा प्रश्न. मुलीला धोका किती? धोका आहे, आणि तो मी लपवणार नाही. व्यालेल्या गाईची वार अडकली आणि ती उघड्या हाताने काढली, तर हाच ब्रुसेला डॉक्टरला होतो. पिसाळीचं म्हणाल तर एकदा लक्षणं दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून या विद्यार्थ्यांनी कुत्रा चावायची वाट न पाहता आधीच प्रतिबंधक लस घ्यायची असते. (घरात कुणाला कुत्रा चावला तर हळद, तिखट, चुना काही लावू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि दवाखाना गाठा.) काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने जनावर मेल्याची शंका आली, तर शव उघडायचंच नाही, हेही तिथे शिकवतात. कारण हवा लागली की त्या जंतूंची बीजं तयार होतात आणि ती जमिनीत कित्येक वर्षं टिकतात. कुठे सुरी चालवायची नाही हे कळणं हासुद्धा अभ्यासच! लांब हातमोजे, लशी, स्वच्छता हे पाळणाऱ्या मुलीचा धोका पुष्कळच कमी होतो. घर शाकाहारी असेल तर हेही आधीच ऐकून ठेवा, की शवविच्छेदन आणि मांसाची तपासणी अभ्यासक्रमात आहे. ती टाळता येत नाही.

‘एवढं धूड बाईमाणसाला आवरेल का?’ हा प्रश्न फार जुना. एलीन कस्ट नावाच्या आयरिश बाईंनी एडिंबरोत हे शिक्षण घेतलं, पण केवळ बाई म्हणून त्यांना 1897 मध्ये अधिकृत परीक्षेला बसू दिलं नाही. मग त्यांनी पदवीवाचूनच वर्षानुवर्षं खेड्यातली घोडी-गुरं बरी केली. कायदा बदलल्यावर, 1922 मध्ये, त्यांना प्रमाणपत्र मिळालं! आणि लांब कशाला जायचं? मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून 1965 मध्ये पदवी घेतलेल्या डॉ. अमृता पटेल पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि 2014 पर्यंत त्यांनी ती धुरा सांभाळली. शिवाय ताकदीचं म्हणाल, तर अडलेलं वासरू ओढून नाही, आत हात घालून त्याचे पाय सरळ करून काढायचं असतं. शेळी-मेंढीच्या बाळंतपणात तर लहान हातच जास्त कामाला येतो.

मुंबईचं हे महाविद्यालय परळला, 1886 सालचं. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय शेजारीच. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. ती सारी 2000 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर. पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. पुढे सरकारी पशुधन विकास अधिकारी, दूध संघ, लसनिर्मिती, स्वतःचा दवाखाना, संशोधन, असे रस्ते फुटतात. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने चालतात. पण खेड्यातली नोकरी लागली तर रात्री-अपरात्री बोलावणं येणार, हे गृहीत धरा.

अर्ज भरण्यापूर्वी एक करा. एखाद्या सकाळी लेकीला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. तिथल्या डॉक्टरांना विचारून तासभर बाजूला उभ्या राहा. गळू फोडताना, कासेतला पू काढताना ती तोंड फिरवते की मान उंचावून पुढे सरकते, ते बघा. पहिल्या खेपेला मळमळलं तर मनावर घेऊ नका, मुलग्यांनाही मळमळतं. आणि हो, जाताना दोघींनी जुन्या चपला घाला.