पोकळी ओढत नाही, हवा ढकलते: छोट्या इंजिनाचं ऑइल काढायचा घरगुती पंप

पॉवर वीडर, फवारणीचा पंप, मांडवातला जनरेटर यांवर जे फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असतं, त्याचा आज विचार करू. उदाहरणाला होंडाचं जीएक्स१६० घ्या. त्यात सुमारे ०.६ लिटर ऑइल मावतं. पहिल्यांदा २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी ते बदलायचं असतं. पण ड्रेन बोल्टला फ्रेम आडवी येते, ऑइल जमिनीवर सांडतं आणि "पुढच्या वेळी बघू" म्हणता म्हणता हंगाम निघून जातो. जुन्या, काळ्या ऑइलवर चालत राहिलेलं इंजिन आतून झिजतं. यावर उपाय म्हणजे डिपस्टिकच्या तोंडातून ऑइल काढणारा पंप. तो घरी करता येतो.

आधी एक गैरसमज दूर करू. पंप ऑइल ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर पोकळी काहीच ओढत नाही. आपण डब्यातली हवा कमी करतो आणि बाहेरची हवा इंजिनातलं ऑइल नळीतून डब्यात ढकलते. टोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हेच दाखवलं. हवेचा दाब पाण्याला जेमतेम १०.३ मीटर चढवू शकतो, म्हणून तर खोल विहिरीत मोटर खाली उतरवून बसवावी लागते. हे एकदा पटलं की पंपाच्या प्रत्येक भागाचं कारण कळतं.

पहिला प्रश्न डब्याचा. निम्मी हवा काढली, तर बाहेरून दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो भार येतो. पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनची सपाट बाजू १५ बाय २० सेंटिमीटर धरा, म्हणजे दीडशे किलो! कॅन चेपणारच. काचेची बरणी तर वापरूच नका, ती फुटली की काचा उडतात. आकार गोल हवा आणि भिंत जाड हवी. शेतात पाईपलाईनचे तुकडे उरलेले असतात. त्यातला ११० मिलिमीटरचा, दहा किलो दाबाचा पीव्हीसी पाईप घ्या. एक फूट लांबीच्या तुकड्यात अडीच लिटरच्या आसपास जागा मिळते. दोन्ही टोकांना एंड कॅप सोल्युशनने चिकटवून दिवसभर वाळू द्या. वरच्या कॅपला दोन निपल आणि खालच्या कॅपला रिकामं करायला छोटा कॉक बसवा. सांधे एम-सीलने बुजवा.

एका निपलला ऑइलची नळी जोडा, दुसऱ्याला पंपाची. ऑइलच्या निपलला आतून वीतभर नळी लावा, म्हणजे ऑइल खाली पडेल, पंपाकडे जाणार नाही.

पंप म्हणजे सायकलचा जुना हातपंप. दट्ट्यावरचा वाटीसारखा वायसर उलटा बसवा, वाटीचं तोंड मुठीकडे. आता दट्ट्या वर घेताना डब्यातली हवा पंपात येते आणि खाली दाबताना वायसरच्या कडेने निसटते. ती परत डब्यात जाऊ नये म्हणून मध्ये एक चेक व्हॉल्व्ह हवा. माशांच्या टाकीचं सामान मिळतं तिथे तो मिळतो.

किती वेळा ओढायचं? एका खेपेत ३०० मिलिलिटर हवा निघते असं धरलं, तर सहा खेपांत डब्यातला दाब निम्मा होतो. गळती धरून दहा म्हणा. आता गंमत बघा. ०.६ लिटर ऑइल आत आल्यावरही डब्यातला दाब बाहेरच्या दोन-तृतीयांशच असतो. म्हणजे एकदा ओढून ठेवलं की सगळं ऑइल आपोआप येतं. जास्त पोकळीचा हव्यास नको.

ऑइल हातभर वर चढवायला हवेच्या दाबाचा विसावा भागही लागत नाही. बाकीचा जोर नळीतल्या घर्षणात जातो. चार मिलिमीटरऐवजी सहा मिलिमीटर पोकळीची नळी घेतली, तर त्याच दाबाला प्रवाह पाचपट होतो. म्हणून तोंडात मावेल तेवढी जाड नळी घ्या. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, ऑइल कोमट झालं की पातळ होतं. चटका बसेल इतकं गरम मात्र नको, पीव्हीसी मऊ पडतो. इंजिन तोंडाच्या बाजूला थोडं कलतं ठेवा.

निघालेलं ऑइल मोजा. चारशे मिलिलिटरच आलं, तर दोनशे आत आहे. आणि तळाचा गाळ या पद्धतीने पूर्ण निघत नाही, म्हणून वर्षातून एकदा ड्रेन बोल्ट उघडाच.

दोन गोष्टी आम्ही बजावून सांगतो. या पंपाने पेट्रोल काढू नका, त्याची वाफ पेट घेते. आणि तोंडाने ओढण्याची सवय सोडा. पेट्रोल-डिझेलचा एक घोट श्वासात गेला तरी फुप्फुसं सुजतात, त्यावर माणूस दगावूही शकतो.

शेवटी, काढलेल्या ऑइलचं काय? वाळवीसाठी खांबांना फासतात, बांधावर ओततात. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि जळणाचे विषारी अंश असतात, ते मातीतून विहिरीत उतरू शकतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि जे गॅरेज ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवतं, तिथे द्या.