परदेशवारी आणि कमरेचा कसा

१० एप्रिल २०१३ रोजी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे दरवाजे बंद राहिले. खिसेकापूंच्या टोळ्यांना कंटाळून सुमारे २०० कर्मचाऱ्यांनी काम थांबवले होते. या टोळ्यांत अल्पवयीन मुलेही असत. आणि अल्पवयीनांना तेथे प्रवेश विनामूल्य!

पेढीवरील रोकड दोनदा मोजून तिजोरीत ठेवणारा व्यापारी परदेशात मात्र साऱ्या कुटुंबाची पारपत्रे, युरो आणि कार्डे एकाच बॅगेत घालून ती खुर्चीच्या पाठीला अडकवतो, हे नवलच. मेट्रोचे दार मिटता मिटता धक्का बसतो. मागे वळून पाहीपर्यंत चोर फलाटावर उतरलेला असतो.

जुने व्यापारी प्रवासात कमरेला कसा बांधत. आजचा कपड्यांच्या आतला पट्टा म्हणजे त्याचेच नवे रूप. दिवसाच्या खर्चापुरती रक्कम तेवढी हाताशी असावी आणि एक कार्ड हॉटेलच्या तिजोरीत राहावे.

पारपत्र गेलेच, तर पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय दूतावास गाठावा लागतो. तेथे मिळणारे इमर्जन्सी सर्टिफिकेट केवळ मायदेशी परतण्यापुरते चालते. पुढचे स्वित्झर्लंड, आगाऊ भरलेल्या रकमेसह, राहून जाते. पारपत्र व व्हिसाच्या छायाप्रती आणि दोन छायाचित्रे वेगळ्या बॅगेत असली, तर दूतावासातील काम पुष्कळ हलके होते.