किनाऱ्यावर टाकायच्या वाळूची आधी पारख हवी

आमच्या वाचकांत बांधकामाचे ठेकेदार आहेत, वाळू-खडीचे व्यापारी आहेत, होड्या दुरुस्त करणारे सुतार आहेत आणि किनाऱ्यावर मासळी सुकवून उपजीविका करणारी घरेही आहेत. यांपैकी बहुतेकांना वाळू विकत घेऊन समुद्राच्या काठी ओतणे हा वेडेपणा वाटेल. परंतु अमेरिकेत हा व्यवहार शंभर वर्षांपासून चालू आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर १९२२-२३ मध्ये अशी वाळू टाकण्यात आली होती. आपल्या देशातही आता हे काम येऊ लागले आहे. त्यामुळे त्यात कोणाचा पैसा लागतो, कोणाचे नुकसान होते आणि काम सुरू होण्यापूर्वी सरकारने कोणत्या गोष्टी तपासायच्या असतात, हे आपल्या लोकांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

न्यू जर्सी राज्यात लाँग बीच आयलंड नावाचे सुमारे अठरा मैल लांबीचे अरुंद बेट आहे. समुद्र त्याचा किनारा सतत खात असतो. म्हणून तेथे सरकारी लष्करी अभियंता विभागाने समुद्रतळाची वाळू उपसून किनारा रुंद करण्याचे आणि घरांच्या पुढे समुद्रसपाटीपासून बावीस फूट उंचीचे वाळूचे टेकाड उभे करण्याचे काम हाती घेतले. टेकाडासाठी खाजगी जागेचा पट्टा हवा होता. हार्वी सीडर्स या गावातील एका दांपत्याने तो देण्यास नकार दिला. गावच्या कारभाऱ्यांनी तीनशे डॉलर देऊ केले. दांपत्याचे म्हणणे असे की टेकाडामुळे समुद्राचे दर्शन बंद झाले व घराची किंमत उतरली. खटला उभा राहिला आणि ज्यूरीने त्यांना ३ लाख ७५ हजार डॉलर भरपाई ठरवून दिली.

यात व्यापाऱ्याने पाहण्यासारखी गोष्ट पुढे आहे. खालच्या कोर्टाने टेकाडामुळे घराला मिळणारे संरक्षण हिशेबात धरू दिले नव्हते. म्हणजे खर्चाचा रकाना भरला आणि जमेचा कोरा ठेवला. दरम्यान ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आले. बेटाच्या ज्या भागांत टेकाडाचे काम पुरे झाले होते तेथे नुकसान कमी झाले आणि जेथे झाले नव्हते त्या दक्षिण टोकाच्या होलगेट भागात घरेच्या घरे मोडली. जुलै २०१३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने आधीचा निकाल रद्द केला. तोटा मोजायचा असेल तर मोजता येण्याजोगा फायदाही त्याच वहीत मांडला पाहिजे, असे कोर्टाने सांगितले. अखेर त्या दांपत्याने एका डॉलरवर तडजोड केली.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग टेकाडे बांधा, वाळू टाका, अडचण कसली? अडचण मालाची आहे.

याच बेटावरील सर्फ सिटी गावात किनारा भरण्याचे काम झाल्यावर २००७ मध्ये वाळूत गंजलेले लोखंडी तुकडे सापडू लागले. तपास केला तेव्हा कळले की हा पहिल्या महायुद्धाच्या काळातील टाकून दिलेला दारूगोळा आहे. समुद्रतळातून वाळू उपसताना तोही नळातून किनाऱ्यावर आला होता. हजाराहून अधिक नग निघाले. किनारा बंद करावा लागला, वाळू चाळावी लागली आणि खोल खणण्यास लोकांना मनाई करावी लागली. पुढे अशा कामांत उपसा करणाऱ्या यंत्राला जाळ्या बसवू लागले. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याच्या व खाद्यपदार्थ विकणाऱ्याच्या धंद्यावर अशा बातमीने काय परिणाम होतो, ते वाचकांना सांगायला नको. माल कोठून आला हे न पाहता गोणी उघडली की हे होते.

म्हणून तेथे कायद्याने आधी परीक्षण करावे लागते. १९७० च्या पहिल्या दिवशी लागू झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण कायद्याप्रमाणे सरकारी पैशाच्या कामाचे परिणाम तपासून कागदावर मांडायचे असतात. काम लहान असेल तर संक्षिप्त अहवाल चालतो. परिणाम मोठे दिसत असतील तर सविस्तर अहवाल करावा लागतो. २०२५ पर्यंत त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवून, आलेल्या हरकतींना उत्तरेही द्यावी लागत. कामाऐवजी दुसरे काय करता आले असते आणि काहीच केले नाही तर काय होईल, हेही लिहावे लागते. ही शेवटची बाब आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या पुष्कळ अहवालांत दुसरा मार्ग फक्त नावाला लिहिलेला असतो.

या परीक्षणात प्रथम पाहतात तो वाळूचा दाणा. ठेकेदार मंडळींना हे लगेच पटेल. मूळ किनाऱ्याच्या दाण्यापेक्षा आणलेला दाणा बारीक असेल तर लाटा तो लवकर ओढून नेतात आणि पैसा समुद्रात जातो. त्यात चिखल अधिक असेल तर पाणी गढूळ होऊन जवळच्या खडकांवरील व प्रवाळावरील जीव गुदमरतात. दाणा फार जाड असेल तर किनाऱ्याचा उतार उभा होतो. आणलेली वाळू घट्ट दाबली गेली तर कासवाच्या मादीला खड्डा खणता येत नाही, म्हणून फ्लोरिडात भरलेला किनारा नांगरून मोकळा करतात. वाळूचा रंगही पाहतात, कारण काळसर वाळू अधिक तापते आणि अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळूत राहणारे लहान खेकडे व शिंपले भराव्याखाली मरतात. ते पुन्हा वाढेपर्यंत त्यांच्यावर जगणाऱ्या माशांचा व पक्ष्यांचा चारा कमी होतो.

दुसरी गोष्ट, वाळू जेथून काढली तेथे खड्डा पडतो. न्यू जर्सीच्या समुद्रात मोठ्या शिंपल्यांचा धंदा चालतो आणि ते शिंपले नेमके वाळूच्या तळात असतात. तळावरचे वाळूचे उंचवटे ही मासे जमण्याची ठिकाणे असतात, हे कोणत्याही नाखव्याला ठाऊक आहे. तेथील मच्छीमारांनी हरकत घेतली ती याच कारणासाठी. किनाऱ्यावर घर असलेल्याला रुंद पुळण मिळते आणि दूरच्या बंदरातील मच्छीमाराची जागा जाते. दोघांचा हिशेब एकाच कागदावर आला नाही, तर परीक्षण कसले?

तिसरी गोष्ट खर्चाची. एकदा वाळू टाकली म्हणजे काम संपले असे होत नाही. काही वर्षांनी पुन्हा टाकावी लागते. अमेरिकेत या कामाची मुदत बहुधा पन्नास वर्षांची धरतात. पहिल्या कामाचा साधारण ६५ टक्के भाग केंद्र सरकार देते आणि पुढच्या भरावाचा खर्च निम्मा-निम्मा होतो. सरकारी पैसा लागला की किनारा सर्वांना मोकळा ठेवावा लागतो व ठराविक अंतरावर लोकांना येण्याचा रस्ता द्यावा लागतो. ही अट आम्हाला विशेष आवडली. मायामीचा किनारा १९७६ पासून पाच-सहा वर्षांत भरला, त्यावर हॉटेलांचा मोठा धंदा उभा राहिला. परंतु जवळच्या समुद्रातील उपयोगी वाळू पुढे संपत आली आणि दूर आतल्या खाणींतून ट्रकने वाळू आणण्याची वेळ आली.

आता आपल्याकडे पाहू. पुदुच्चेरीचे बंदर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधले गेले. त्याच्या लाटरोधक बंधाऱ्यांनी किनाऱ्याबरोबर उत्तरेकडे वाहणारी वाळू अडवली. दक्षिणेस वाळू साठली आणि उत्तरेस शहरापुढची पुळण नाहीशी झाली. दगडी भिंत घातली, तेव्हा झीज आणखी उत्तरेकडे, तामिळनाडूच्या हद्दीतील कोट्टकुप्पमसारख्या मासेमारी वस्त्यांकडे सरकली. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २०१८ च्या सुमारास पाण्याखाली पोलादी अडसर ठेवून व वाळूची भर घालून शहरापुढील किनारा परत आणला. हे कौतुकाचे काम आहे. मात्र कोळ्यांची उत्तरेकडची गावे अजून समुद्राच्या तोंडी आहेत, तेव्हा किनारा परत आला म्हणताना कोणाचा आला हे विचारले पाहिजे.

कोकणातही ही भाषा ऐकू आली आहे. आशियाई विकास बँकेने २०१० मध्ये कर्नाटक व महाराष्ट्राच्या किनारा-संरक्षणाचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात मंगळूरजवळचे उल्लाळ आणि रत्नागिरीजवळचे मिऱ्या यांचा विचार होता. कोकणचा किनारा आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात समुद्र पुळणीची वाळू आत ओढतो, दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो. मागे वाळूचे टेकाड असेल, त्यावर मर्यादवेल व केवडा असेल, तर ही देवघेव बिनखर्चाने चालते. टेकाड सपाट करून तेथे भिंत, रस्ता किंवा रिसॉर्ट उभे केले की खाते बिघडते. मग विकतची वाळू आणण्याचा प्रश्न निघतो.

येथे एक पेच आहे, तो अहवालात नीट मांडला पाहिजे. पावसाळ्यात उपशाचे जहाज चालत नाही. म्हणजे काम होणार ते हिवाळा-उन्हाळ्यात. वेळास, आंजर्ले येथे कासवे अंडी घालतात ती हिवाळ्यात आणि पिले बाहेर पडतात उन्हाळ्यात. मासेमारीचा, मासळी सुकवण्याचा, रापण ओढण्याचा आणि पर्यटकांचा हंगामही तोच. होड्या पुळणीवर ओढून डागडुजी करणाऱ्या सुतारालाही तीच जागा लागते, आणि किनाऱ्याचा उतार उभा झाला तर त्याला होडी वर घेता येत नाही. किती महिने कोणता पट्टा बंद राहील, त्याची भरपाई कोण देणार आणि काम संपल्यावर उतार कसा असेल, याचे उत्तर कामापूर्वी लेखी हवे. मासळी सुकवण्याची जागा सातबाऱ्यावर नसते, म्हणून ती नुकसानीच्या यादीतही येत नाही. आमच्या मते सर्वांत मोठी गळती येथेच होते.

कायद्याची बाजू अशी आहे. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूची टेकाडे अतिसंवेदनशील वर्गात धरली आहेत. किनारा-संरक्षणाच्या कामाला या अधिसूचनेखाली परवानगी लागते आणि आपल्या राज्यात असे प्रस्ताव महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातात. बंदर, लाटरोधक बंधारा किंवा मोठा उपसा असेल तर २००६ ची पर्यावरण परिणाम अधिसूचना लागू होऊ शकते. प्रत्येक कामाला जनसुनावणी लागतेच असे नाही, परंतु जेथे लागते तेथे प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना द्यायची असते. ती एका राष्ट्रीय व एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात येते. अहवालाचा गोषवारा मराठीतही उपलब्ध करावा लागतो आणि सुनावणी जागेवर किंवा जवळच घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी तेथे अध्यक्ष असतो.

आपली मंडळी अशा सुनावणीला जातात, मागे उभी राहतात आणि चहा पिऊन परततात. बोलतात ते पुढारी. आमचे सांगणे एवढेच की बोलायला संकोच वाटत असेल तर लिहून द्यावे. नेमक्या हितसंबंध असलेल्या माणसाला लेखी म्हणणे मांडण्याची सोय अधिसूचनेतच आहे. त्यात मोठे शब्द नकोत. कोणत्या महिन्यात, कोणत्या वाळूवर, किती वर्षे आपण मासळी वाळवतो किंवा होडी दुरुस्त करतो आणि त्यातून घरात किती येते, एवढे लिहावे. वखारीची पावती, होडीचा परवाना, मच्छीमार सोसायटीचे कार्ड, जे काही असेल त्याची नक्कल जोडावी. वाळू कोठून आणणार, तिचा दाणा तपासला काय आणि पुन्हा भर घालण्याचा खर्च कोण करणार, हे तीन प्रश्न शेवटी लिहावेत. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर तारीख व शिक्क्यासह पोच घेऊनच टेबल सोडावे.